उपकाराची गॅरंटी

वस्तू बिघडली की माणसांचे दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, "टाका आता ही, नवी आणू." दुसरा म्हणतो, "थांबा, घरात सुतळी आहे का?" पहिल्या पक्षामुळे बाजार चालतो आणि दुसऱ्यामुळे घर चालते. या दोन पक्षांतली माणसे बहुधा एकमेकांशीच लग्ने करतात, यात विधात्याची काहीतरी योजना असावी. नाहीतर काही घरांत नुसत्या नव्या वस्तू आणि काही घरांत नुसती सुतळी, अशी अवस्था झाली असती.

आमचा भंडारा पूर्वापार सुतळीच्या पक्षाचा. हे पितळेच्या भांड्यांचे गाव. पितळेचे भांडे ही अशी चीज आहे, की विकत घेणारा माणूस जातो पण भांडे जात नाही. पोचा आला तर ठोकून घ्यायचा, भोक पडले तर झाळून घ्यायचे आणि वर्षाकाठी एकदोनदा कल्हईवाल्यापुढे मांडायचे. कल्हईवाला गल्लीच्या तोंडाशी भाता लावून बसला, की आम्ही पोरे शाळेची वाट विसरत असू. नवसागराचा तो धूर, कथलाची काडी, कापसाच्या बोळ्याचा एक गरगर हात, आणि काळेमिट्ट पातेले बघता बघता चांदीचे! जादूगार तरी याहून वेगळे काय करतो? तो तिकीट लावतो, एवढेच.

पण कल्हई कायमची नसते. ती उडते, आणि कधी उडाली ते सांगून उडत नाही. मग एके दिवशी त्या पातेल्यात ठेवलेले ताक कळकते. आता प्रश्न असा, की दोष कोणाचा? कल्हईवाल्याचा, पातेल्याचा, ताकाचा, की ताक ठेवणाऱ्या गृहिणीचा? त्या काळी हा प्रश्न कोणी विचारत नसे, कारण कळकलेले ताक कोणी प्यायच्या आत आजीच्या नाकाला कळत असे. हल्ली आज्या कमी झाल्या आणि प्रश्न वाढले. मला हा प्रश्न पडला तो पातेल्यावरून नव्हे, एका जुन्या मोबाइल फोनवरून.

सांगायचे म्हणजे माझा एक भाचा आहे. तो आमच्या खानदानातला कल्हईवाला. लोकांनी टाकून दिलेले, फळीवर पडलेले, बटणांचे जुने फोन आणि हातात मावणारी जुनी यंत्रे गोळा करायची आणि त्यांच्यासाठी बोटभर प्रोग्राम लिहायचे, हा त्याचा छंद. कोणी विचारतात, "यातून मिळतं काय?" तो म्हणतो, "मामा, फोन चालतो ना!" या उत्तरावर काय बोलावे, ते त्याच्या वडिलांना अजून सुचलेले नाही.

या छंदाला मी आधी हसत असे. मग त्याने मला त्याचा इतिहास ऐकवला आणि मला जरा आदर वाटू लागला. १९९६ साली अमेरिकेत 'पायलट' नावाचे खिशात मावणारे यंत्र निघाले. ते ज्याच्या डोक्यातून निघाले त्या जेफ हॉकिन्स नावाच्या गृहस्थाने आधी त्या आकाराचा लाकडाचा तुकडा करून घेतला आणि तो खिशात घालून हिंडला. कोणी भेटीची वेळ मागितली की हा खिशातून लाकूड काढी आणि त्यावर लिहिल्यासारखे करी. आपल्याकडे असे कोणी केले असते तर घरच्यांनी त्याला नागपूरला दाखवून आणले असते. तिकडे त्याचे यंत्र झाले, आणि दोन बारक्या सेलवर ते आठवडेच्या आठवडे चालले.

त्यातल्या स्वस्त यंत्राची स्मरणशक्ती होती १२८ किलोबाइट. म्हणजे किती? तुम्ही वाचता आहात तसले देवनागरीतले निबंध आजच्या पद्धतीने साठवले, तर जेमतेम दोन-तीन मावतील आणि चौथा दारात उभा राहील. एवढ्याशा जागेत पत्ते, वेळापत्रक, टिपणे, बेरीज-वजाबाकी सगळे बसवायचे. तेव्हा जगभरचे हौशी लोक या यंत्रासाठी चिमुकल्या युक्त्या लिहीत. एकीने अक्षरे ठळक व्हावीत, दुसरीने बटण दाबल्यावर दुसरेच काही उघडावे. 'हॅकमास्टर' नावाचा एक प्रोग्राम तर नुसता अशा युक्त्यांना एका ओळीत उभे करण्यासाठी होता. ज्याने ऐन लग्नसराईत भंडारा-नागपूर एस.टी.त तिघांच्या बाकावर पाचवा माणूस बसताना पाहिला आहे, त्याला या कलेचे मर्म वेगळे समजावून सांगायला नको.

आपल्या मराठी माणसांनीही ही कला वापरली आहे, फक्त तिला कला म्हणतात हे त्यांना ठाऊक नव्हते. पुष्कळ फोनांना २०१०च्या आसपासपर्यंत देवनागरी येत नसे. मराठी बातमी उघडावी तर पडद्यावर चौकोनच चौकोन. जणू कोणी गावाचा सिटी सर्व्हे काढला आहे. काही फोनांना अक्षरे येत, पण व्याकरण येत नसे. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती मागून धापा टाकत येई. जोडाक्षरांचा घटस्फोट झालेला असे. दोन्ही अक्षरे शेजारी राहत, मध्ये पाय मोडल्याची खूण. अशा वेळी कोणीतरी कोणाला तरी कानमंत्र देई. 'ऑपेरा मिनी' नावाचा प्रोग्राम फोनवर घ्यायचा, त्यात पत्त्याच्या जागी 'ऑपेरा, कोलन, कॉन्फिग' असे टाइप करायचे, खाली खाली जायचे आणि एका ओळीपुढे 'नाही'चे 'होय' करायचे. झाले! मराठी अवतरे. अक्षरे फोनला येत नसतील तर दुसरीकडे त्यांची चित्रे काढून ती चित्रेच फोनकडे पाठवायची, अशी ती युक्ती. पैसे थोडे जास्त पडत, पण वेलांटी वेळेवर येई. ज्यांनी हे केले त्यांतल्या बहुतेकांना आपण काय केले ते कळले नव्हते. मंत्राचे तसेच असते.

काही युक्त्या मात्र नीतीच्या कडेकडेने जात. नोकियाच्या काही फोनांत कोणताही प्रोग्राम घालायचा तर त्याच्यापाशी सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र लागे, आणि त्या प्रमाणपत्राला मुदत असे. मुदत संपली की फोन प्रोग्रामला उंबऱ्याबाहेर उभा करी. मग हौशी मंडळी काय करीत? फोनची तारीख मागे नेत. फोनला वाटे, आपण दोन वर्षांपूर्वीच्या जगात आहोत. तो दार उघडी. प्रोग्राम आत जाई. आणि मंडळी तारीख पुन्हा पुढे आणून ठेवीत. मी भाच्याला म्हटले, "अरे, हे खोटं बोलणं झालं!" तो म्हणाला, "मामा, फोनशी बोललेलं खोटं धरतात काय?" मी तीन दिवस विचार केला. धर्मराज एकदाच अर्धवट बोलला तर त्याचा अधांतरी चालणारा रथ जमिनीला टेकला. पण समोर ऐकणारा माणूस होता, आणि ऐकून त्याचे काय झाले ते आपण जाणतो. फोनने तारखेवर विश्वास ठेवला म्हणून त्याने शस्त्र खाली ठेवले असे नाही. तेव्हा हे पाप फार तर चिल्लर धरावे, असा मी निकाल दिला. पण यंत्र तारखेवर किती भोळेपणाने विश्वास ठेवते, हे माझ्या मनात राहिले, आणि पुढे त्याचाच प्रश्न झाला.

आमच्या आळीत एक निवृत्त गुरुजी राहतात. वय झाले, हात थरथरतो. नव्या काचेच्या फोनवर त्यांनी एकाला फोन लावायला बोट ठेवावे तर वाटेत तिघांना लागतो. म्हणून ते आकड्यांच्या बटणांचा जुना फोन वापरतात. बटण दाबले की 'दाबले' असे बोटाला कळते, याला उतारवयात फार महत्त्व आहे. भाच्याने त्या फोनवर जावा नावाच्या भाषेत गुरुजींसाठी दोन प्रोग्राम लिहून दिले.

पहिला धानाच्या हिशेबाचा. गुरुजींची गावाकडे चार बांध्या शेती आहे. त्यांचा बटाईदार खंडी-कुडवात बोलतो आणि बाजार क्विंटलमध्ये पैसे मोजतो. खंडी हे माप, वजन नव्हे. धान बारीक की जाड, ओले की सुकले, त्यावर वजन बदलते, आणि कुडव केवढा यावर दोन गावांचे एकमत होईल तर शपथ. प्रोग्राम आधी हे सगळे विचारून घेई आणि मग आकडा सांगे. बटाईदाराचा त्यावर विश्वास नव्हता, पण आकडा यंत्राने सांगितला म्हटल्यावर त्याला गुरुजींशी भांडता येईना, हा त्याचा खरा फायदा.

दुसरा प्रोग्राम गोळ्यांचा. गुरुजींना रक्तदाब. सकाळची गोळी आणि रात्रीची गोळी. ठरल्या वेळी फोन जागा होई आणि गुरुजींच्या नातीचा आवाज येई. ती तेव्हा सहा वर्षांची होती; भाच्याने तिच्याकडून "आजोबा, गोळी घ्या" असे म्हणवून घेतले होते. आता आमच्या झाडीबोलीत 'ळ' नाही. त्याच्या जागी 'र' येतो, डोळ्याचा 'डोरा' होतो. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा अभ्यास करून तिला मान मिळवून दिला. पण आमच्या गुरुजींची सबंध नोकरी पोरांच्या जिभेवरून 'र' काढून तिथे 'ळ' बसवण्यात गेली होती. नातीवर मात्र त्यांची मात्रा चालली नाही. त्यामुळे फोन दिवसातून दोनदा ठणठणीत आवाजात म्हणे, "आजोबा, गोरी घ्या!" दवाखान्यातल्या बाकावर, बँकेच्या रांगेत, एकदा तर चौंडेश्वरीच्या दर्शनाला मोहाडीला गेले असता ऐन देवळात. लोक गुरुजींकडे नव्याच नजरेने बघत. भाच्याने दुरुस्त करून देतो म्हटले, पण गुरुजी तयार होईनात. नात वाढून आता दहावीत गेली. तिचा 'ळ' सुधारला, आवाज बदलला, आणि स्वतःचा तो जुना आवाज ऐकला की ती खोलीत पळते. फोनमध्ये ती अजून सहाच वर्षांची आहे.

इथवर सगळे गोड. पुढे भाच्याला पुण्यात नोकरी लागली आणि तो गेला. काही महिन्यांनी गुरुजींच्या फोनची बॅटरी फुगली. त्यांनी ती काढून ठेवली; नवी मिळायला आठवडा गेला. नवी घातली, फोन सुरू झाला, फोन लागू लागले, गुरुजी निर्धास्त झाले. पण आठवडाभर वीज न मिळाल्याने फोनचे घड्याळ पार मागे, कुठल्यातरी जुन्या सालच्या एक जानेवारीला जाऊन बसले होते. प्रोग्राम बिचारा प्रामाणिक. त्याला ज्या तारखेला उठायचे होते ती तारीख आता कित्येक वर्षांनी यायची होती. तो शांत झोपला. आवाज आला नाही म्हणजे गोळीची वेळ झाली नाही, अशी गुरुजींना इतक्या वर्षांत सवय लागली होती. दोन दिवस गोळ्या राहिल्या, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दारातल्या ओट्यावर त्यांना चक्कर आली. शेजारच्याने धरले म्हणून डोके दगडावर आपटले नाही. डॉक्टरांनी तपासले, गोळ्या सुरू केल्या, चार दिवसांत गुरुजी हिंडूफिरू लागले. पण त्या चार दिवसांत आमच्या आळीत जी न्यायसभा भरली, तिचे कामकाज सांगितलेच पाहिजे.

गुरुजींचे चिरंजीव नागपूरहून आले होते. ते म्हणाले, "मी कधीचा म्हणून राह्यलो, नवा फोन घ्या. या पोट्ट्यानं जुन्याला टेकू लावून ठेवला म्हणून बाबांनी घेतला नाही. टेकू नसता तर जुना कधीच गेला असता." म्हणजे मदत केली हाच गुन्हा. ऐकायला विचित्र वाटते, पण यात तथ्य नाही असे म्हणवेना. पडायला आलेल्या भिंतीला टेकू लावणारा माणूस त्या भिंतीखाली झोपण्याचे धैर्यही देत असतो.

भाच्याचे वडील म्हणाले, "माझ्या पोरानं एक पैसा घेतला काय? फुकट करून दिलं. फुकटच्या कामाची कसली जबाबदारी?" यालाही आधार आहे. जगात जे प्रोग्राम फुकट वाटले जातात, त्यांच्याबरोबर बहुधा एक कागद असतो. त्यावर लिहिलेले असते, की वस्तू जशी आहे तशी दिली आहे, हिची कसलीही हमी नाही, हिच्यापायी काही झाले तर आम्हाला विचारू नका. इंग्रजीत हा मजकूर बहुधा सबंध मोठ्या लिपीत छापतात. देवनागरीत मोठी लिपी नाही, म्हणून आपण मराठी माणसे हीच गोष्ट ओरडून सांगतो.

आणि पैसे घेणारे तरी कुठे जन्माला पुरतात? त्या पायलटच्या वंशातल्या यंत्रांची दिनदर्शिका १९०४ साली सुरू होते आणि २०३१ साली संपते, कारण वर्षाला जागाच तेवढी ठेवली आहे. त्यापुढचा दिवस त्या यंत्राच्या लेखी उगवतच नाही. नोकियाने आपल्या सिम्बियन फोनांचे दुकान चालू ठेवले, पण १ जानेवारी २०१४ पासून त्यात नवे काही घेणे बंद केले. आपल्या बंगळूरला प्राध्यापक आणि इंजिनिअर मंडळींनी १९९९ साली 'सिम्प्यूटर'चा घाट घातला. साधा, स्वस्त, अनेक भाषा जाणणारा, गावात चौघांनी मिळून वापरायचा असा हातातला संगणक. २००४ साली तो 'अमिडा' या नावाने बाजारातही आला. हेतू सोन्यासारखा. पण खेडोपाडी पोचला तो मोबाइल फोन. ज्या कोणी त्या काळी सिम्प्यूटरवर कष्टाने काही लिहून ठेवले असेल, त्याच्या कष्टांचे पुढे काय? मोठमोठ्यांची ही कथा, तिथे आमच्या भाच्याने काय जन्माची गॅरंटी द्यावी?

मला हा युक्तिवाद पटत चालला होता. तेवढ्यात आमच्या घरातून, म्हणजे स्वयंपाकघराच्या दारातून, एक प्रश्न आला. "रस्त्याच्या कडेला एखादा आंधळा उभा आहे. तुम्ही घाईत आहात, त्याला हात न देता निघून गेलात. वाईट केलं, पण चालायचं. दुसरा कोणी देईल. आता तुम्ही त्याचा हात धरला, अर्ध्या रस्त्यात आणला आणि तिथे सोडून दिलात. तेव्हाही म्हणाल का, की मी पैसे थोडेच घेतले होते?"

सभा गप्प झाली. चहाचे कप गोळा करायच्या निमित्ताने आमची ही येऊन उभी होती. तिने कप घेतले आणि ती आत गेली. नीतिशास्त्रावरचे ग्रंथ ज्या ठिकाणी पोचायला दोनशे पाने घेतात, तिथे आमची बायको कप उचलायला आली असता पोचते, हा माझा जुना अनुभव आहे.

प्रश्न खरोखर तिथेच आहे. उपकार करण्याआधी तो माणूस आपल्यावर अवलंबून नव्हता, केल्यावर झाला. गुरुजी पूर्वी भिंतीवरचे घड्याळ बघून गोळी घेत असत. प्रोग्राम आला आणि त्यांनी घड्याळाकडे बघणे सोडले. म्हणजे भाच्याने त्यांना एक आवाज दिला आणि नकळत एक सवय काढून घेतली. पैशाचा इथे संबंध नाही. उलट पैसे घेतले असते तर गुरुजींनी दोनदा तपासून घेतले असते. प्रेमाने दिले म्हणून डोळे मिटून घेतले.

मग करायचे काय? कोणाला हातच द्यायचा नाही? तसे वागणारी सभ्य माणसे असतात. त्यांच्याकडून आजवर कोणाचे नुकसान झालेले नाही, आणि त्यांच्या मयतीला लोक घड्याळ बघत उभे असतात. बरे, एकदा दिलेला हात जन्मभर सोडायचाच नाही, म्हणावे, तर पोराने पुण्याची नोकरी सोडून गुरुजींच्या ओट्यावर फोनची तारीख सांभाळत बसावे की काय?

या पेचातून वाट दाखवली ती स्वतः गुरुजींनी. बरे वाटल्यावर ते आमच्याकडे आले आणि त्यांना सभेचा वृत्तांत कळला. ते म्हणाले, "का जी, मी पस्तीस वर्षं पोरांना पाढे शिकवले. त्यातला एखादा आज तुमसरच्या बाजारात धानाच्या हिशेबात चुकला, तर मी नुकसान भरून द्यायचं काय?"

"नाही," मी म्हटले.

"काहून नाही? मी त्याला पाढे दिले, उत्तरं नाही दिली. तुमच्या भाच्यानं मला उत्तर दिलं जी. उत्तर बंद पडलं, आन् मला पाढा येत नव्हता."

यावर मला आमच्या जिल्ह्यातले तलाव आठवले. भंडारा-गोंदिया हा तलावांचा मुलूख. गावोगावचे हे जुने तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हातखंडा. डोंगरउतारावरचे पाणी मातीच्या पाळीने अडवायचे आणि 'तुडुम' नावाच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या तोंडातून हवे तेवढेच धानाला सोडायचे, हे त्यांचे काम. माती, दगड आणि अक्कल, एवढ्यावर हे तलाव पिढ्यान्पिढ्या चालले. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. त्यांना सरकारी कागदात 'माजी मालगुजारी तलाव' असे नाव पडले, आणि आद्याक्षरे घेऊन लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणू लागले. मामा म्हटले की जबाबदारी नक्की कोणाची हे कोणालाच सांगता येत नाही. भाच्यांना वाटते मामा बघेल, मामाला वाटते भाचे बघतील. झालेही तसेच. मालगुजारी गेली हे चांगलेच झाले, त्या पद्धतीत जुलूम होता, त्याबद्दल मी अश्रू गाळणार नाही. पण मालगुजाराबरोबर आणखी एक गोष्ट गेली: उन्हाळ्यात गाळ कोणी काढायचा, पाळीला माती कोणी घालायची, तुडुमाचे कोणते भोक कधी उघडायचे, याची वहिवाट. पाळ तशीच उभी होती. पण पुष्कळ तलाव गाळाने भरत गेले. आणि जिथे गावकऱ्यांनी पुन्हा एकत्र येऊन ती वहिवाट हातात घेतली, तिथे तेच तलाव पुन्हा पाणी धरू लागले.

म्हणजे तलाव बांधणाऱ्याने खरे काय बांधले होते? पाळ तर कोणीही बांधील. बांधणारा गेल्यावर ती कोणी आणि कशी राखायची, हे ज्ञान गावात मुरवले, हे त्याचे खरे बांधकाम. उपकाराचेही तसेच असावे. केलेल्या उपकाराला मी जन्मभर पुरेन अशी गॅरंटी कोणाला देता येत नाही; ती देवाने आपल्या देहाचीही दिलेली नाही. पण आपण नसलो तर ही वस्तू कुठे आणि कशी बिघडेल, आणि बिघडली आहे हे ओळखायचे कसे, एवढे त्या माणसाच्या हातात ठेवून जाता येते. तेवढे न ठेवता केलेला उपकार हा निम्माच असतो, आणि अर्ध्या रस्त्यात सोडण्याची सोय त्यात आधीपासून असते. कल्हईवाल्याच्या बाजूने एवढे म्हणता येईल, की तो दारात बसून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कल्हई करी. ती कशाची असते आणि उडाली की पातेले कसे दिसते, हे गल्लीतल्या शेंबड्या पोराला ठाऊक होते. म्हणून त्याला गॅरंटी द्यावी लागत नसे.

हे सगळे मी भाच्याला पत्राने कळवले. फोनवर तो मधेच "हो मामा, हो मामा" करतो आणि तत्त्वज्ञान सांडते. तो दिवाळीत आला. वाद न घालता तो गुरुजींकडे गेला आणि तीन गोष्टी करून आला. फोनच्या पाठीमागे, बॅटरीच्या झाकणाच्या आत, त्याने एक चिठ्ठी चिकटवली: 'बॅटरी काढल्यास आधी तारीख घाला.' प्रोग्राममध्ये अशी भर घातली, की उघडल्यावर त्याला तारीख मागे गेलेली दिसली, तर त्याने पडद्यावर तसे स्वच्छ मराठीत कबूल करावे. आणि शंभर पानी वही आणून त्यात सबंध प्रोग्राम हाताने उतरवून, ओळीओळीपुढे मराठीत अर्थ लिहून, नातीला समोर बसवून शिकवला. ती वही आधी गुरुजींनी वाचायला मागितली. दुसऱ्या दिवशी परत आली तेव्हा तिच्यात लाल शाईने शुद्धलेखनाच्या बऱ्याच चुका काढल्या होत्या आणि खाली शेरा होता: 'विचार चांगले, अक्षर सुधारावे.'

आता तो प्रोग्राम नात सांभाळते. तिने त्यात स्वतःच्या अकलेने रविवारच्या साखर तपासणीची आठवण वाढवली आहे. 'गोरी' मात्र तिने तशीच ठेवली. आजोबांनी तेवढी अट घातली होती. आणि गुरुजींनी गोळ्यांच्या डबीवर वार लिहून घेतले आहेत. आवाज आला तरी ते डबीत बघतात, नाही आला तरी बघतात.

जाण्याच्या आदल्या संध्याकाळी भाचा ओट्यावर बसून गुरुजींना सांगत होता, की कुठली यंत्रे २०३१ साली थांबणार, आणि कित्येक जुन्या यंत्रांची घड्याळे १९ जानेवारी २०३८ला सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी कशी गडबडणार. गुरुजींनी सगळे लक्षपूर्वक ऐकले आणि विचारले, "माझं यंत्र कुठवर जाईल जी?"

"तुमचं काही वर्षं जाईल गुरुजी. नात आहे ना बघायला."

गुरुजींनी बोटांवर काहीतरी मोजले. मग खिशातून डबी काढून वार पाहिला आणि म्हणाले, "मग गोळ्या वेळेवर घ्याव्या लागतील. मशीन थांबून राह्यली, आन् मी काहून आधी जाऊ?"